नव्वद कोरडे दिवस

मी अपघाताच्या केसेस लढवणारी वकील आहे. होते, असं म्हणायला हवं. सनद अजून कागदावर शाबूत आहे, पण काळा कोट मी फाडून घरकामाच्या बाईंना फरशी पुसायला दिला. त्या म्हणाल्या, कापड चांगलं आहे. म्हटलं, कापडाबद्दल माझी काही तक्रार नाही.

हायवेलगतच्या तालुक्याच्या गावात बावीस वर्षं मी हा धंदा केला. हायवेवर गाड्या आदळायच्या आणि आमच्या चुली पेटायच्या. ऐकायला घाण वाटतं, पण तेव्हा त्यात निदान माणसं होती. कुणाचा पाय गेला, कुणाची मान आखडली, की न्यायाधिकरणापुढे अर्ज करायचा, डॉक्टरचा दाखला जोडायचा. पक्षकार आत शिरताना जरा जास्त लंगडायचा, विमा कंपनीचा वकील 'नाटक आहे' म्हणायचा, आणि न्यायाधीश दोघांच्या मधलं काहीतरी धरून 'दुःख व वेदना' या सदरात एक आकडा लिहून मोकळे व्हायचे. सगळा अंदाजपंचे कारभार. मग वेदनापट्टी आली.

पट्टी तयार करणाऱ्या संशोधक बाईंना मी दोष देणार नाही. त्या एका मेडिकल कॉलेजात, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या विभागात होत्या. ही बाळं काचेच्या पेटीत असतात, त्यांना सुया टोचतात, नळ्या घालतात, आणि किती दुखतंय ते सांगायला त्यांच्याकडे शब्द नसतात. बाईंनी मानेमागे चिकटणारी दोन बोटं रुंदीची पट्टी केली. वेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसांतून विजेचे सूक्ष्म ठोके जातात, ते ती टिपते. त्याच वेळी घामातली दोन-तीन रसायनं आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्यांचं आकसणं मोजते. या सगळ्यांचा मेळ घालून शून्य ते शंभरमधला एक आकडा देते, तो वेदनांक. प्रत्येकाचं शरीर वेगळं, म्हणून सुरुवातीला हात बर्फाच्या पाण्यात घालायला लावतात आणि या शरीराला दुखतं म्हणजे नेमकं काय होतं ते पट्टी शिकून घेते. मग तुम्ही कितीही विव्हळा, आकडा हलत नाही. दातओठ खाऊन गप्प बसा, तरी लपत नाही. बाळांच्या विभागात आकडा चढला की नर्स औषध द्यायची आणि बाळ झोपायचं. पट्टीचा उपयोग एवढाच होता, आणि तो फार चांगला होता.

चार वर्षांनी ती वरच्या कोर्टात पोचली. निकालपत्र एकशे बारा पानांचं होतं आणि भाषा अशी भारदस्त, की वाचताना आपण उगाच ताठ बसावं. कोर्ट म्हणालं, यापुढे अर्जदाराच्या कण्हण्यावर विसंबायचं कारण उरलेलं नाही. अपघाताचे व्रण स्थिरावले, की चौदा दिवस पट्टी लावावी आणि सरासरी वेदनांकावरून तक्त्याप्रमाणे भरपाई द्यावी. लंगडण्याची शिकवणी घेणारे आमचे दोन वकीलबंधू उपाशी मरायची पाळी आली. मी पेढे वाटले. खोटं बोलायची गरजच संपली, असं मी बार रूममध्ये मोठ्या तोंडानं सांगितल्याचं मला आठवतं.

पण एक्याण्णवाव्या पानावर एक वाक्य होतं: 'औषधाने शमलेली वेदना ही उरलेली वेदना नव्हे, सबब ती भरपाईस पात्र नाही.' कोर्टाला वाटलं असेल, किती तर्कशुद्ध. आम्ही सगळ्यांनी ते वाक्य एकाच आठवड्यात वाचलं आणि एकाच आठवड्यात एकच गोष्ट केली. पट्टी लावायच्या आदल्या दिवशी पक्षकाराच्या गोळ्या बंद. शेक बंद, मालिश बंद, व्यायाम बंद. बार रूममध्ये त्याला 'कोरडे दिवस' म्हणायचे. 'तुझे किती कोरडे चालू आहेत?' 'तीन.' चहात बिस्किट बुडवता बुडवता आम्ही हे बोलायचो.

माझं काम नीटनेटकं. पक्षकाराकडून गोळ्यांची पाकिटं मी टेबलावर मोजून घ्यायचे, खणात ठेवायचे आणि सही-शिक्क्याची पावती द्यायचे. चौदा दिवसांनी पावती दाखवून गोळ्या परत न्यायच्या. इतर वकील तोंडी सांगायचे आणि लोक घरी चोरून गोळी घ्यायचे. माझ्याकडे ती भानगड नव्हती. माझे आकडे तालुक्यात सगळ्यात वरचे यायचे, आणि मला त्याचा अभिमान होता.

विमा कंपन्याही काही दुधखुळ्या नव्हत्या. श्रीनिवास निंबाळकर हा माझा लॉ कॉलेजातला वर्गमित्र कंपनीच्या बाजूनं उभा राहायचा. त्यानं वेगळीच टूम काढली. पट्टी लागली रे लागली, की कंपनीचा एक गोड माणूस सफरचंदं घेऊन पक्षकाराच्या दारात हजर. सोबत डॉक्टर, फुकट इंजेक्शन, फुकट औषधं. 'ताई, कशाला सोसता?' पंधराव्या दिवशी तो माणूसही गायब आणि डॉक्टरही. त्या चौदा दिवसांत अपघातग्रस्ताची काळजी फक्त त्याला बुडवू पाहणाऱ्यांना असायची, आणि 'सोस अजून' म्हणणारे आम्ही त्याचे कैवारी.

सारिका थोरात माझ्याकडे आली ती याच काळात. चौतिसेक वर्षांची असेल. हायवेवरच्या एका खानावळीत ती भाकऱ्या करायची, दिवसाला दोनशे. स्कूटीवरून कामाला निघाली असताना मागून आलेल्या मोटारीनं उडवलं. उजवा खांदा निखळला होता, मानेतली नस चेपली होती. मोटारवाल्याची चूक उघड होती, त्यात वादच नव्हता.

"हात वर जात न्हाई मॅडम," ती म्हणाली. "परातीत पीठ मळायला घेतलं की हितनं खालपर्यंत आग उठती. डॉक्टर म्हनले सा महिनं व्यायाम न् गोळ्या, मग करशील भाकऱ्या."

तिला भाकऱ्या करायच्या होत्या. मला तिचा आकडा दिसत होता. मी तिच्याकडून चार पाकिटं मोजून घेतली आणि पावती फाडून दिली. सोबत तिचा नवरा दीपक होता, टेम्पो चालवायचा. त्यानं पावती नीट घडी घालून पाकिटात ठेवली.

चौदा दिवसांनी सरासरी आली अठ्ठावन्न. मी खूश होते. गोळ्या परत द्यायला खण उघडणार, तेवढ्यात वरच्या कोर्टाचा दुसरा निकाल आला.

आमची लबाडी कुणीतरी वर सांगितली होती. कोर्ट संतापलं, आणि संतापायलाच हवं होतं. 'चौदा दिवस बनाव रचता येतो,' असं त्यांनी लिहिलं. 'सबब मापन सलग नव्वद दिवसांचे असावे. इतका काळ कोणीही विनाकारण यातना सोसणार नाही.' सुरू असलेल्या सगळ्या प्रकरणांना हे लागू. हे वाक्य लिहिणाऱ्यांनी तालुक्याच्या गावातला माणूस कधी जवळून पाहिला नसावा. आमच्याकडे लोक काय काय सोसतात, आणि किती थोडक्यासाठी, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

मी सारिकाला बोलावून विचारलं, "नव्वद दिवस. जमेल?"

ती दीपककडे बघत राहिली. तो म्हणाला, "जमंल की. आता हितवर आलोय तर."

गोळ्या खणातच राहिल्या.

डॉ. अस्मा मुजावर तिच्यावर उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. त्या महिन्याभरानं माझ्या ऑफिसात आल्या आणि उभ्यानंच बोलल्या.

"सारिका थोरात येत नाही. निकमांचा मुलगा येत नाही. माझे नऊ पेशंट येत नाहीत, आणि नऊच्या नऊ तुमचे."

"मापन चालू आहे, डॉक्टर. दोन महिन्यांनी येतील."

"दोन महिन्यांनी माझा उपयोग नाही." त्या खुर्ची ओढून बसल्या. "तुम्हाला वाटतं वेदना म्हणजे नळाचं पाणी. चालू करायचं, बंद करायचं. शेतातून रोज माणसं जायला लागली की पायवाट पडते ना? पुढं माणसं जायची थांबली तरी तिथं पीक धरत नाही, जमीन टणक झालेली असते. पाठीच्या कण्यातल्या नसांचं असंच होतं. जखम भरते, पण दुखण्याचा निरोप महिनोन्महिने न थांबता जात राहिला, तर नसा तो स्वतःहून पाठवायला शिकतात. मग खांद्याला काहीही झालेलं नसतं आणि बाईला साडीचा पदर लागला तरी आग होते. गोळ्या आणि व्यायाम ही पायवाट पडू नये म्हणून असतात. एकदा पडली की माझ्याकडे औषध नाही. कुणाकडेच नाही."

"सगळ्यांचं असं होतं?"

"दहातल्या तिघाचौघांचं होतं. कुणाचं, ते आधी सांगता येत नाही."

मी त्यांना चहा विचारला. त्या नको म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवशी मी सारिकाला फोन करायला हवा होता. मी हिशोब केला, दहातले सहासात वाचतात. तीस दिवस झाले होते, साठ राहिले होते, आता सोडलं तर सगळं फुकट. असाच विचार केला मी.

साठाव्या दिवसाच्या सुमाराला दीपक एकटाच आला. फार आनंदात होता.

"काल त्र्याहत्तर गेला, मॅडम."

"इतका कसा?"

"दोन दिस जरा उतरत व्हता. मग मी म्हनलं, पान्याच्या दोन घागरी तूच आन आज. हात वर केला न् गेला की सरळ वर." तो हसला. माझी शाबासकी मिळेल अशा बेतानं माझ्याकडे बघत होता.

आणि मी हसले. आवाज न करता, नुसत्या ओठांनी, पण हसले. शिसारी त्याची नंतर आली, स्वतःची त्याहून नंतर.

नव्वद दिवसांची सरासरी एकोणसत्तर आली. तालुक्यात एवढा आकडा कुणाचा नव्हता. सारिकानं गोळ्या परत नेल्या आणि आठ दिवसांनी ती फोनवर म्हणाली, "मॅडम, गोळी घेतली तरी कमीच येत न्हाई ओ." मी म्हटलं, थोडा धीर धर. डॉ. मुजावरांनी तपासलं आणि मला फक्त एक ओळ पाठवली: पायवाट पडली आहे.

आमचा युक्तिवाद व्हायच्या आधी तिसरा निकाल आला. यावेळी कोर्टानं आम्हाला अगदी मुळातून पकडलं होतं. 'उपचार हेतुपुरस्सर टाळून वाढविलेल्या वेदनेचा भार विमा कंपनीवर टाकता येणार नाही. सदर टाळाटाळ अन्य कोणाच्या सल्ल्याने झाली असल्यास अर्जदाराने त्या व्यक्तीकडून भरपाई मागावी.' तिन्ही निकाल मी ओळीनं वाचले आहेत. एकातही चूक काढता येत नाही. प्रत्येक निकालानं एक भोक बुजवलं, आणि प्रत्येक वेळी आम्ही पक्षकाराच्या अंगात नवीन पाडलं.

सारिकाचा उलटतपास निंबाळकरनं घेतला. तो ओरडत नाही, आवाज गोड ठेवतो.

"गोळ्या किती दिवस घेतल्या नाहीत, ताई?"

"साडेतीन महिनं."

"कुणी सांगितलं होतं?"

ती पिंजऱ्यात डाव्या हातानं कठडा धरून उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी तिला काही पढवलं नव्हतं, देवाशपथ सांगते. पण ती म्हणाली, "कुनी न्हाई. माझ्याच मनानं बंद केल्या."

निंबाळकरला उत्तर माहीत होतं. त्याला पावत्याही माहीत होत्या, सगळ्या तालुक्याला माहीत होत्या. पण त्याला हेच उत्तर हवं होतं. तिच्याच मनानं, म्हणजे कंपनी सुटली आणि वकीलही सुटली. तो माझ्याकडे बघून किंचित मान लववून खाली बसला. आपल्यातल्या माणसाला सांभाळून घेतल्यासारखा.

जेवणाच्या सुट्टीत बार रूममध्ये त्यानं डबा उघडला आणि म्हणाला, "तृप्ती, गप्प राहा. बाईला थोडंफार मी मिळवून देतो, कंपनीशी बोललोय. तू तोंड उघडलंस तर तू एकटी बुडणार नाहीस, इथले सगळे बुडतील."

खोलीत अकरा वकील होते. अकराही जण जेवत होते आणि एकाच्याही तोंडातला घास थांबला नाही. शेंगदाण्याच्या चटणीचा वास येत होता. मी बाहेर आले.

दुपारी मी वकीलपत्र सोडत असल्याचा अर्ज दिला आणि साक्षीदार म्हणून माझं नाव लिहून दिलं. पुढच्या तारखेला पिंजऱ्यात उभी राहून सांगितलं, गोळ्या मी बंद केल्या. पावतीवरची सही माझी, शिक्का माझा. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, हे आपण शुद्धीवर बोलताय ना. मी म्हटलं, आजच.

मला वाटलं होतं, खरं बोलले की सारिकाचं भलं होईल. इतकी वर्षं या धंद्यात काढूनही हा भाबडेपणा कुठून आला होता, देव जाणे. निकाल महिन्याभरानं लागला. गोळ्या बंद करायच्या आधीचं जे दुखणं होतं, त्याचे पैसे कंपनीनं द्यावेत, म्हणजे आंब्याच्या हंगामात घरात चार पेट्या याव्यात इतके. बाकी सगळी वेदना ही तृप्ती पाटणकर यांच्या सल्ल्यानं निर्माण झालेली असल्यामुळे अर्जदारानं त्यांच्यावर वेगळा दावा लावावा. तोवरची सगळी मापनं रद्द, कारण ती कोरड्या दिवसांतली. नवीन दाव्यासाठी नवीन मापन, नव्वद दिवस.

तिनं दावा लावला. लावायलाच हवा होता. तिचं वकीलपत्र घेतलं ओंबासे नावाच्या नव्या वकिलानं, हुशार माणूस आहे. आता तिसऱ्या निकालामुळे गोळ्या उघड बंद करता येत नाहीत. म्हणून तालुक्यात नवीन पद्धत आली आहे: औषध दुकानातून गोळ्या दर आठवड्याला घ्यायच्या, बिल जपून ठेवायचं, गोळ्या मोरीत ओतायच्या. पाकिटातली गोळी रोज एकेक कमी होत असल्याचा फोटोही काढून ठेवतात. आमच्या गावच्या गटारांना आता काही दुखत नसणार.

वकिलाच्या चुकीची भरपाई देणारा माझा व्यवसाय-विमा होता. त्या कंपनीचा माणूस मला भेटायला आला. मला म्हणाला, "मॅडम, मापन सोमवारी सुरू झालंय. तुमचे त्यांच्याशी जुने संबंध आहेत. जरा फळं वगैरे घेऊन जाऊन या. नवीन एक गोळी आलीय, अशा जुन्या दुखण्यावर चांगली लागू पडते. डॉ. मुजावर पण देतात."

मी त्याला घालवून दिलं. मग डॉ. मुजावरांना विचारलं. त्या म्हणाल्या, गोळी खरंच चांगली आहे, पायवाट मोडत नाही, पण दिवसातले आठ-दहा तास बरे जातात. आणि जितकी लवकर सुरू कराल तितकं बरं.

म्हणून मी गेले. फळं नेली नाहीत, गोळ्या नेल्या.

सारिका आता माहेरी, आईच्या घरी राहते. दीपकशी पटत नाही, एवढंच तिनं सांगितलं. सकाळचे अकरा-साडेअकरा झाले होते, आई शेजारी गेली होती. मानेमागे पट्टी होती. पदर डाव्या खांद्यावरच होता, उजव्यावरून ओढून घेतला नव्हता, तिथं त्याचा स्पर्श सोसत नाही म्हणून.

"बसा मॅडम," ती म्हणाली. राग असा दिसला नाही, तो असता तर सोपं गेलं असतं.

मी पाकीट तिच्यापुढे ठेवलं. "डॉक्टर मुजावरांना विचारून आणलंय. घे. आजपासून घे."

तिनं पाकिटाकडे पाहिलं. "ह्यानं किती उतरंल?"

"निम्मं तरी."

"न् आकडा?"

"तोही निम्मा."

"मग मला तुमच्याकडनं मिळायचं ते पन निम्मं." ती हे आरोप केल्यासारखं बोलली नाही. भाजीचा भाव पडताळावा तसं बोलली. "मॅडम, खरं सांगा. गोळी माझ्यासाठी आनली, का तुमच्यासाठी?"

तिच्यासाठी, हे खरं होतं. पण खरं असून ते बोलायची माझी लायकी नव्हती, आणि कोरड्या दिवसांत दारात गोळ्या घेऊन येणारं माणूस काय असतं ते तिला मीच समजावून सांगितलेलं होतं. सफरचंदवाल्यांना दारात उभं करू नकोस, हे माझेच शब्द.

मी पर्समधून कोरा कागद काढला. त्यावर लिहिलं, की या दाव्यात मापन कितीही येवो किंवा न येवो, तक्त्यातल्या सगळ्यात वरच्या रकान्याची भरपाई मला मान्य आहे, माझ्या विमा कंपनीनं हात वर केले तर राहतं घर विकून मी ती देईन. पूर्ण नाव, तारीख, सही. शिक्का नव्हता, तो मी टाकून दिला होता. वाचून दाखवलं आणि म्हटलं, "आता आकड्याची गरज नाही. पट्टी काढून टाक. गोळी घे. माझ्यासमोर घे, पाणी मी आणते."

तिनं कागद हातात घेतला आणि सावकाश स्वतः एकदा वाचला. ओठ हलत होते. मग पावतीची घालतात तशी चार घड्यांची घडी केली आणि ब्लाउजमध्ये खोचला.

"ओंबासे वकिलास्नी दाखवते आदी," ती म्हणाली. "ते गुरवारी येनार हायती."

"सारिका, आज सोमवार आहे."

"व्हय."

"चार दिवस कशाला सोसतेस? मी लिहून दिलंय ना."

"लिवून तुमी पयलं पन दिलं व्हतं मॅडम." ती उठली. "च्या टाकते. बसा."

गोळ्यांचं पाकीट तिनं उचललं नाही. चुलीजवळ गेली आणि वरच्या फळीकडे बघत उभी राहिली.

"तेवढा साखरंचा डबा काडून द्या," ती म्हणाली. "आई न्हाई न् माझा हात पोचत न्हाई."

मी डबा काढून दिला.